हरकत नसलेल्यांची सुनावणी

भातगिरणीत कोंडा कुणी आणून टाकत नाही. सकाळी झाडून घ्या, संध्याकाळी कोपऱ्यात पाहा, ढीग! आमच्या ट्रस्टच्या किश्श्यांचं तसंच आहे. ट्रस्टची फाइल एकच, तीही पातळ. पण गिरणीच्या ओट्यावर चार माणसं टेकली की एकेक सुरू होतं, "तो मॅडमचा सांग ना!", "अन् थो मधमाशीवाला!" मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून मी लिहून ठेवतो. नववीत शाळा सुटली माझी, पण अक्षर सुटलं नाही.

नवख्या माणसासाठी आधी थोडं सांगतो. आमचं जांभुळहेटी गाव गडचिरोलीच्या जंगलात. गावात एका जुन्या सोसायटीची बंद पडलेली भातगिरणी होती. टिनाचं शेड, आत गंजलेली मशीन. बाया धान डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायच्या आणि तिथून तालुक्याला. पंचायतीनं सांगितलं, "होळीपर्यंत नोंदणी झालेली संस्था आणा, शेड तुमच्या ताब्यात देतो. नाही जमलं तर भंगारवाल्याला बोलावतो." म्हणून ट्रस्ट.

आणि माझं असं, की माझे सगळे दोस्त तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. ते होळीला घरी येणार आणि होळी झाली की जीप त्यांना परत नेणार. त्या जीपमध्ये माझी जागा ठरलेली होती. गिरणी झाली तर गावात काही काम, नाहीतर मिरची. बॅग दाराशी भरून ठेवलेली. माय रोज त्यातून टॉवेल काढायची, रोज परत घालायची. होळीपर्यंतच्या चार महिन्यांत मी एका जागी बसलो म्हणून नाही. माय म्हणायची, "या पोट्ट्याच्या बुडाखाली मुंग्या आहेत का बाप्पा!"

*

आमच्या गावात हात वर करून ठराव होत नाही. प्रत्येकानं तोंडानं 'हो' म्हणायचं. एक माणूस जरी गप्प राहिला तरी ठराव थांबला. गप्प बसणं म्हणजे नाही. त्याला कुणी टोचत नाही, कुणी रागवत नाही. दुसऱ्या दिवशी परत बसायचं, बस्स.

सभेत प्रश्न विचारतो तो दसरू गायता. गायता म्हणजे आमच्या गावदेवाची पूजा करणारा. एक प्रश्न तो तीनदा विचारतो, घाई अजिबात नाही. त्याला चालताना पाहिलं तर वाटतं झाडंसुद्धा याच्यापुढं जातील.

पहिल्याच सभेत तो म्हणाला, "सचिव मनिराम. मनिराम, होतो का?"

मी मान खाली घातली. त्यानं तीनदा विचारलं. मी गप्प. सगळे उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परत तेच. इकडे मी बोटांवर होळीचे दिवस मोजत होतो! तिसऱ्या दिवशी मी कसंबसं 'हो' म्हणालो.

नामदेव भाऊ ऊर्जानगरला जन्मभर कंपनीची बस चालवून गावी परतलेले. ते कानामागं हात धरून म्हणाले, "मले तं काईच ऐकू नाई आलं!"

दसरू म्हणाला, "मले आलं. लिहून घ्या."

"कोण लिहीन?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

*

फॉर्मवर सात विश्वस्तांची नावं लिहायची होती. सलीम मिस्त्रीचं नाव निघालं. सलीम मिस्त्री तालुक्याचे. आजूबाजूच्या सगळ्या गिरण्या त्यांच्याच हातच्या. जुनी मशीन चालू होईल असं म्हणणारा तो एकच माणूस. तेही मशीनला कान लावून म्हणालेले, "मरी नाई ये. सोई है."

पण नाव ऐकून ते स्वतःच बिचकले. "अरे दसरू भाऊ, मी तुमच्या गावचा नाई, तुमच्या जातीचा नाई, माझा देव वेगळा. मी कसा ट्रस्टी?"

दसरूनं विचार केला. चांगली पंधरा मिनिटं. मला तर उठून पळावंसं वाटत होतं.

मग तो म्हणाला, "मशीन कुठची आहे?"

"मशीन? मद्रासकडची."

"तिले कोणी इचारलं का, तुयी जात कोणती म्हणून? लिहा रे सलीम मिस्त्रीचं नाव!"

मिस्त्री हसले आणि 'हो' म्हणाले. पण एक अट घातली. "मशीन मी चालू करून देईन. पण रोज नाई येणार. एक माणूस मले इथलाच पाह्यजे, जो शिकेल आणि जाणार नाई. मशीनचं कसं आहे, तिला रोज वास घेणारा लागतो. नाई तो फिर सो जाती है."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. गावात माझ्या वयाचं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी पेनचं टोपण काढत होतो, लावत होतो.

*

एकदा शहरातून एक साहेब आले. गावविकास शिकवायला. चांगला माणूस. रंगीत कागद आणले, भिंतीला चिकटवले, गाणं म्हणवून घेतलं. शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "आता कल्पना करा. पाच वर्षांनी तुमचं गाव कुठं असेल?"

सगळे डोळे मिटून बसले.

दसरू डोळे न उघडताच म्हणाला, "इथीच."

साहेब म्हणाले, "तसं नाही काका, म्हणजे गाव पुढं कुठं जाईल?"

"गाव नाई जात ना साहेब कुठी. पोट्टे जाते."

साहेबांनी ते निळ्या कागदावर लिहून घेतलं.

*

मग आली मालमत्तेची यादी. मी पहिल्यांदाच ट्रस्ट नोंदणीच्या ऑफिसात गेलो, नामदेव भाऊंच्या मागं लपून. यादी गावानं सभेत बसून सांगितली होती आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवली होती. शेड. मशीन. दारातलं मोहाचं झाड. आणि चौथ्या नंबरला, 'आग्या माशीचं पोळं, एक, छताच्या आड्याला लटकलेलं.' दसरूनं ते घालायलाच लावलं होतं. म्हणाला, "आपल्या आधीपासून राहून राह्यल्या त्या. त्यायले सोडून कसं चालीन?"

क्लार्क भाऊ वाचत वाचत चौथ्या नंबरला थांबले. चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. म्हणाले, "हे काय आहे? आणि यापुढं स्थावर की जंगम ते लिहिलेलं नाही. स्थावर म्हणजे जागेवरून न हलणारं, जंगम म्हणजे हलणारं. पोळं काय आहे?"

मी आणखी मागं सरकलो. नामदेव भाऊ मात्र अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले,

"साहेब, सध्या स्थावर आहे. कोणी हात लावला का जंगम!"

क्लार्क भाऊंनी त्या ओळीवर काट मारली. पण मारताना हात जरा जपूनच चालवला!

*

आता ही चूक माझी. आजही कुणी काढली की माझे कान गरम होतात.

अर्ज गेला, कागद लागले, आणि नियमाप्रमाणे नोटीस निघाली. पंचायतीच्या बोर्डावर डकवली. 'या ट्रस्टच्या नोंदणीस कोणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावे.' होळीला महिना उरलेला. क्लार्क भाऊ म्हणाले होते, "हरकत आली नाही, की झालंच समजा."

दसरूनं मला नोटीस वाचायला लावली. मी वाचली.

"अन् ज्याची हरकत नाई, त्यानं काय कराव?"

"त्याचं काई लिहिलं नाई, काका."

"मंग आपण गप्प बसलो तं त्यायले काय समजीन?"

सगळं गाव घाबरलं! गप्प बसणं म्हणजे नाही. सारं गाव गप्प बसलं, तर ऑफिसला वाटेल सारं गावच नको म्हणतंय! आणि मला, सचिवाला, जो ऑफिसात जाऊन आला होता, त्यालाही हे एकदम बरोबर वाटलं.

मी दोन दिवस मान वर न करता बावन्न घरांच्या बावन्न चिठ्ठ्या लिहिल्या. 'आमची हरकत नाही.' खाली अंगठा, नाहीतर सही. आमच्या घराचीही लिहिली, मायचा अंगठा घेतला. गठ्ठा बांधून स्वतः नेऊन दिला. परत येताना बसमध्ये पहिल्यांदा मला खिडकीबाहेर पाहावंसं वाटलं.

आठ दिवसांनी नामदेव भाऊंना फोन आला. आम्ही दोघं धावत गेलो. क्लार्क भाऊंनी रजिस्टर आमच्याकडं फिरवलं. नोटिशीला आलेली पत्रं चढवायला तिथं एकच रकाना होता, 'हरकती'. दुपारी टपाल चढवणाऱ्या नव्या माणसानं गठ्ठा न वाचता नंबर टाकून दिले होते. एक ते बावन्न!

क्लार्क भाऊ डोकं धरून म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा विरोध झालेला ट्रस्ट मी पाहिला नाही!"

आता सुनावणी. हरकत घेणाऱ्यानं समोर येऊन सांगायचं. तारीख मिळाली होळीच्या दोन दिवस आधीची. "एकाला पाठवलं सगळ्यांच्या वतीनं तरी चालेल," ते म्हणाले.

मी गावात सांगितलं. सभेत एकाच वेळी बावन्न माना 'नाही' म्हणून हलल्या. दुसऱ्याच्या वतीनं 'हो' म्हणतात का कधी?

त्या रात्रीपासून माय टॉवेल बॅगेतून काढेनाशी झाली.

*

सुनावणीला आख्खं गाव. ट्रॅक्टरनं रस्त्यापर्यंत, पुढं एसटी. नामदेव भाऊ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळ्या वाटेनं हवेतले ब्रेक दाबत होते.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमच्या खोलीत सगळे मावेनात. व्हरांड्यात रांग लागली. मी फाइल छातीशी धरून दाराला चिकटलेलो.

मॅडमनी पहिलं नाव पुकारलं. "तुमची हरकत काय आहे?"

"नाई."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे हरकत नाई."

दुसरं नाव. "नाई." तिसरं. "नाई जी." अकराव्याला मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांचं हेच आहे का?"

दसरू अदबीनं म्हणाला, "थे मले कसं माहीत, मॅडम? ज्याले त्याले इचारा."

आणि मॅडमनी खरंच विचारलं! बावन्नच्या बावन्न. कुणी लाजत, कुणी हात जोडून, एका म्हातारीनं तर लेकाच्या खांद्याला धरून उभं राहून सांगितलं. मी दाराशी एकेक मोजत होतो. एखादा जरी अडखळला असता तरी माझा जीव गेला असता.

शेवटचा 'नाई' झाल्यावर मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "अहो, तुमची कुणाचीच हरकत नव्हती, मग एवढ्या लांबून आलात कशाला?"

आमच्या अध्यक्ष सुमनबाई. शेतातून थेट आल्यासारख्या नेहमी घाईत. त्या पुढं झाल्या.

"तुमीच तं बोर्डावर इचारलं होतं, मॅडम. कोणी घरी येऊन इचारलं, तं दाराआड लपून बसाव का?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि सही केली.

*

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप आली. उभी राहिली नेमकी गिरणीपुढं, मोहाच्या झाडाखाली. मोह गळत होता. बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या.

शेड आमच्या ताब्यात आलं होतं, पण मशीन काही उठत नव्हती. सलीम मिस्त्री पहाटेपासून अंगावर मच्छरदाणी घेऊन आत होते, वर आग्या माश्या, खाली इंजिन. हँडल मारलं की इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प. परत हँडल, परत खोकला, परत गप्प. मी त्यांना पाना देत होतो.

बाहेर दोस्त हाका मारत होते. त्यांच्यातला किशोर माझ्या घरी जाऊन बॅगही घेऊन आला आणि त्यानं ती टपावर टाकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "ए सचिव! येतो का राहतो? मले अजून चार गावं घ्याची आहे!"

मी पाना हातात घेऊनच बाहेर आलो. हाताला ग्रीस.

दसरू गायता कुठून आला कळलं नाही. जीप आणि मी, दोघांच्या मधे उभा राहिला. म्हणाला, "मनिराम, जातो का?"

बायांचं वेचणं थांबलं. आत हँडलचा आवाजही थांबला. मिस्त्री मच्छरदाणीसकट दारात येऊन उभे राहिले.

"मनिराम, जातो का?"

नामदेव भाऊंसारखं काहीतरी छान बोलावं असं फार वाटलं. काही सुचेना. मायकडं पाहिलं, तर ती टपावरच्या बॅगेकडं पाहत होती.

"मनिराम, जातो का?"

डोक्यावर एक मोह पडला. मी तसाच उभा.

सुमनबाईंनी टोपली खाली ठेवली. लुगडं खोचलं, जीपच्या मागच्या पायरीवर चढल्या आणि टपावरची बॅग ओढून खाली फेकली.

ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई! त्याले बोलू तं द्या!"

"बोलला ना थो."

"कधी बोलला? हा तं तोंडच उघडून नाई राह्यला!"

दसरूनं त्याच्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"तीनदा इचारलं, तीनदा सांगतलं पोट्ट्यानं. आता काय तुले लिहून पाह्यजे का?"