खाली फ्लॅश

अजिंठ्याच्या फाट्यावर एसटी सुरू होऊन थरथरत उभी होती, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता आणि आई काही खिडकीतून माझा हात सोडत नव्हती. बारावी झालेली मी, मांडीवर कपड्यांची पिशवी. एसटीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असायचं. दुसऱ्यांच्या आया अशा वेळी डोळ्यांना पदर लावतात, पोटभर जेवत जा म्हणतात. माझ्या आईनं मला काम सांगितलं. "शहागंजात त्या फोटूवाल्याकडं जा. म्हणावं, माझ्या मायचा फोटू हाय का बघा. नीट इचार. लाजू नको."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पिशवी घेऊन त्याच फाट्यावरून निघालेल्यांनो, तुम्हा सगळ्यांना वाटतं संगीता शिकायला शहरात गेली. मी तो फोटो शोधायला गेले होते. शिकणं नंतर झालं.

फोटोची गोष्ट तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, नसेल तर मी आठवण करून देते. नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, थोरल्या मुलीचं लग्न होतं. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. आईनं शेताच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून मागितलं होतं, तलाठ्याकडं दोन खेपा घातल्या होत्या, आणि तेव्हापासून नाना तिच्याशी बोलत नव्हते. पण लग्नात थोरल्या भावजयीला मान दिला नाही तर गाव तोंडात शेण घालेल. म्हणून जेवणं झाल्यावर माइकवरून नाव पुकारलं गेलं. आई मोरपंखी इरकल नेसून स्टेजवर गेली, नानांनी तिच्या हातात आहेराचं लुगडं ठेवलं, वाकून पाया पडले, आणि फोटोग्राफरनं फ्लॅश मारला. आई डोळे मोठे करून बघत होती, मिटू नयेत म्हणून. मी खाली सतरंजीवर बसून ते बघितलं आहे.

अल्बम आला तेव्हा त्यात सगळे होते. वरमाई, करवल्या, पार मुंबईहून आलेले साडू, आचारीसुद्धा कढईसकट होता. आई नव्हती. नाना म्हणाले, "रोल खराब झाला वहिनी, आता काय करता." आईनं ते खरं मानलं. तिला वाटायचं, खराब झाला तरी कुठंतरी असेलच की, अर्धामुर्धा, अंधारा. शहागंजातल्या दुकानाचा शिक्का अल्बमच्या मागं होता, तो पत्ता तिनं मला पाठ करायला लावला होता.

छावणीत मावशीकडं राहायची सोय झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी शहागंजात जाऊन उभी राहिले. कपड्यांच्या दुकानांवर एक अरुंद जिना, वर स्टुडिओ. निळा पडदा, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, गिऱ्हाइकांसाठी कंगवा आणि पावडर. मालकांना सगळे उस्ताद म्हणायचे. मी गावाचं नाव घेतलं, लग्न सांगितलं, आईचा फोटो मागितला. त्यांनी कुंडीतली फुलं सारखी केली आणि म्हणाले, "वो रोल खराब होगया था बेटा." मग, मी जिन्याकडं वळल्यावर, "काम सीखती क्या? हल्दी में औरतां के कमरे में मेरेकू कोई अंदर नै लेते. लड़की होना."

बायकांच्या खोलीत जायला त्यांना मुलगी हवी होती, अशी मी शिकायला लागले. कॉलेजला नाव घातलं होतं, पण खरं कॉलेज तो जिना होता. पहिले काही महिने नुसती छत्री धरली, तीही लाइटची. हात भरून यायचे, पण हात हलला की उस्ताद ओरडायचे. सावळ्या चेहऱ्याला उजेड किती द्यायचा, शालूची जर पांढरीफटक होऊ न देता फ्लॅश कुठं वळवायचा, रडणाऱ्या नवरीच्या किती जवळ जायचं हे सगळं मी तिथं शिकले. ग्रुप फोटोच्या वेळी त्यांचा एक हट्ट असायचा. माणसं नुसती ओळीत उभी करायची नाहीत, ती एकमेकांत अडकवायची. याचा हात त्याच्या खांद्यावर, हिची नजर तिच्याकडं. "शादी के बाद झगड़े होते," ते सांगायचे, "फिर लोगां कैंची लेको आते. इसकू काटो, उसकू काटो. ऐसा फोटो खींच, कैंची चलनाच नको." आणि खरंच येत लोक. एक बाई तर स्वतःच्या लग्नाच्या फोटोतून सासू कापून घ्यायला आली होती. सासूचा हात नेमका नवरदेवाच्या डोक्यावर होता, त्यामुळे ती बाई चरफडत परत गेली. मला फार हसू आलं होतं.

मग एका लग्नात मोठी रांग लागली. आहेर द्यायला माणसं स्टेजवर चढतायत, उतरतायत, संपतच नाहीत. उस्ताद माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "अब खाली मार." मला कळेना, खाली म्हणजे कुठं. त्यांनी फ्लॅशच्या मागचं छोटं बटण दाखवलं. ते दाबलं की फ्लॅश चमकतो, फोटो निघत नाही. खाली म्हणजे रिकामा. तेव्हा रोल महाग, तो वाचवायची ही युक्ती सगळ्यांनाच यायची. पुढच्या माणसाला वाटतं निघाला, तो हसतो, खूश होऊन जेवायला जातो. मी एकदा दाबलं. एक म्हातारी डोळे मोठे करून उभी होती, मिटू नयेत म्हणून.

तशीच आई उभी होती, नानांच्या मांडवात. परत येताना गाडीत मी सरळ विचारलं, माझ्या आईचा रोल खराब झाला होता का. उस्तादांनी मांडीवरच्या कॅमेऱ्याला झाकण घातलं. मग म्हणाले, "नै बेटा. तेरे चाचा ने बोला था. भाभी का खाली मारो, अल्बम में होना नको."

त्या क्षणी मला नानांचा जो राग आला तो आजही तेवढाच ताजा आहे, आणि त्याला थंड करायचा प्रयत्नही मी केलेला नाही. मान दिला नसता तर आईनं भांडून घेतलं असतं. त्यांनी चारचौघांत मान दिला, पाया पडले, आणि बटणावर परत घेतला. वर तिला वर्षानुवर्षं त्या रोलची वाट बघायला लावली. उस्तादांचाही राग आला. मावशी म्हणाली, सोड ते दुकान. मी नाही सोडलं. मला ते सगळं यायला हवं होतं, शेवटच्या बटणापर्यंत. आईला मात्र काही सांगितलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा ती म्हणाली, "मिळाला का गं?" मी म्हटलं, "शोधतायत."

मी तिचे दुसरे फोटो पुष्कळ काढले. चुलीशी, दारात, शेळीबरोबर. ती बघायची आणि बाजूला ठेवायची. "चांगले हायेत," म्हणायची, "पण ह्यात मी एकलीच हाय की."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फेसबुकवर बघताच तुम्ही. स्वतःचा स्टुडिओ झाला, शहागंजातच, रस्त्याला लागून, मोठ्या काचेचा. वर दोन खोल्या, तिथं मी आईला घेऊन आले. आता निळा पडदा कुणाला नको असतो. मकबऱ्यापाशी पहाटे प्री-वेडिंग शूट, ड्रोन, रील्स, क्लायंटचे मेसेज. शहराची पाटी बदलली. आई आता भाजीवाल्याशी "कितने कू दिया" असं बोलते आणि स्वतःच हसते. नानाही बदलले, म्हणजे गावाचे पुढारी झाले. फाट्यावर त्यांचे फ्लेक्स लागायला लागले. आणि मग त्यांच्या अमोलचं लग्न ठरलं, नानांनी फोन केला. "आपली घरची पोरगी एवढी मोठी फोटोग्राफर झाली, आता भाईरचा माणूस कशाला लावू? तूच ये." मी म्हटलं, येते की.

सांगते ते नीट ऐका, कारण तुम्ही सगळे त्या मांडवात होतात आणि तुम्हाला काहीच कळलं नाही. अमोलशी माझं वैर नव्हतं. त्याचे, नवरीचे, काकूंचे, तुमचे सगळ्यांचे फोटो मी जीव ओतून काढले. आईला स्टेजवर मीच नेलं आणि तिला पूर्ण पानभर घेतलं. पण नाना चौकटीत आले की माझा अंगठा मागच्या बटणावर जायचा. बँड एवढा वाजत होता की कॅमेरा खटकला की नाही हे कुणाला ऐकू येणार. नाना फेटा सारखा करून उभे राहिले, खाली. मुलाला मिठी मारली, खाली. व्याह्यांची गळाभेट, आमदारांबरोबर, भटजींबरोबर, सगळं खाली. मध्ये दोनदा त्यांनी मला विचारलं, "चांगले येतायत ना गं?" मी अंगठा वर केला. तोच अंगठा.

व्हिडिओही मीच एडिट केला. तुमच्या मोबाइलात नाना असतील, माझी ना नाही. पण घरात टेबलावर राहतो तो अल्बम, पाहुण्यांपुढं पानं उलटतात ती त्याची. अल्बम गेला त्याच आठवड्यात नाना स्वतः शहरात आले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. फेटा नव्हता, साधी टोपी होती, वय दिसत होतं. काचेतून रस्त्याकडं बघत म्हणाले, "माझा एक बी नाय?"

"रोल खराब झाला, नाना."

आता रोल नसतात हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. बघा, हा एक फोटो मी काढायला हवा होता, पण तेव्हा हातात कॅमेरा नव्हता. मला वाईट वाटलं का? नाही. तुम्ही अशा ठिकाणी माया यायची वाट बघत असाल तर ती आली नाही. मला लई बरं वाटलं.

"आता बसलोय तर एक काढ," ते म्हणाले.

"आईला विचारा. ती वरच आहे."

ते जिना चढले, मी मागोमाग. आई लसूण सोलत होती. पहिल्यांदाच तिच्यासमोर सगळं बोललं गेलं, बटण, रोल, चाचा ने बोला था, सगळं. मीच बोलले, नाना जमिनीकडं बघत होते. आईनं लसणाचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "म्हंजे रोल नव्हताच." मग उठून ट्रंक उघडली आणि मोरपंखी इरकल बाहेर काढलं. "भाऊजी, खाली बाजारात जा. एक लुगडं आणा. चांगलं आणा. तवाचा फोटू र्‍हायलाय तेवढा देऊन टाका."

नाना गेले. मला वाटलं तसेच एसटीत बसतील, पण परत आले, काखेत पिशवी. आता अल्बममध्ये नसलेला माणूस गावात काय तोंड दाखवणार. स्टुडिओत मी दिवे लावले. आई इरकल नेसून मधोमध उभी राहिली. नानांना मी सांगत गेले, पुढं या, लुगडं तिच्या हातावर ठेवा, सोडू नका, आता वाका. अजून वाका. नजर तिच्या पायांकडं. आई डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडं बघत होती. "मिटले तरी चालतील," मी म्हटलं, "पुन्हा काढीन." मग मात्र ती हसली, आणि तोच मी घेतला.

उस्तादांनी शिकवलं तसाच, माणसं एकमेकांत अडकवून काढला होता, आणि नानांना पाठवून दिला. थोड्याच दिवसांत अमोलचा फोन आला. नानांचा वाढदिवस होता, फ्लेक्स करायचा होता, जुनाच फोटो परत नको होता, आणि मोबाइलवरचे फोटो मोठे केले की फुटतात. "ताई, त्यातनं निस्ते नाना कापून दे ना. आमी बघितलं कापून, तर ते रिकाम्या जागंला वाकल्यावानी दिसत्यात." मी म्हटलं, मग कापू नको. कार्यकर्त्यांनी डोकं चालवलं आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं, थोरामोठ्यांचा मान राखणारं नेतृत्व.

कुणीतरी तुमच्यातल्यानंच मला त्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. मला आता कुणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर शहागंजचा पत्ता तोंडात येतो, पण डोळ्यांपुढं तो फाटा येतो. जिथून मी एसटीत बसले तिथं आई उभी आहे, माणसाच्या दुप्पट उंच, आणि नाना घरातून निघाले की रोज स्वतःलाच तिच्यापुढं वाकलेलं बघत पुढं जातात. गावात मला तेवढंच घर हवं होतं, ते मी मिळवलं. परत राहायला येणार नाही, वाट बघू नका.

आईला मोबाइल दाखवला. तिनं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं.

"साडी उठून दिसती," ती म्हणाली. "पण उन्हापावसात खराब व्हईल की गं."

"होऊ दे," मी म्हटलं. "फाईल माझ्याकडं आहे."