घोडे पळवणारा जावई

माझं लग्न एका शब्दावरून मोडता मोडता राहिलं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव कर्जतजवळच्या कडावला लागून. मला बघायला पाहुणे येणार होते आणि मध्यस्थ होते आत्याचे यजमान. त्यांनी बाबांना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा खोपोलीकडचा आहे, आता मुंबईत घोड्यावर असतो. घोड्यावर म्हणजे फौजदार, असं बाबा धरून चालले. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, ते गावभर सांगूनही टाकलं. त्यामुळे पाहुणे आले तेव्हा कुंपणाबाहेर बरीच माणसं फौजदार बघायला उभी होती.

मुलगा ओसरीवरच्या बाकावर बसला, तर पाय जमिनीला टेकेनात. काकांच्या काखेखालून तो सहज गेला असता. काकांनी सरळ विचारलं, "काम काय करता, पाव्हणं?"

"घोडे पळवतो," तो म्हणाला.

आत पोहे परतणारा आईचा हात थांबला. बाहेर बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"कोनाचं?" काकांनी विचारलं.

"मालकांचे."

"आनि मालकाला ठाऊक हाय?"

"म्हणजे काय! त्यांच्या डोळ्यांसमोरच पळवतो. हजारो माणसं बघायला येतात."

"आनि पोलिस?"

"तेही असतात. बंदोबस्ताला."

आईनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या कानात म्हणाली, "बाय गं, चोर हाय. पन खरं बोलतो."

तेवढ्यात आत्याच्या यजमानांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते हसत हसत म्हणाले, "अहो, तसं पळवणं नाही, शर्यतीत पळवणं! मुलगा जॉकी आहे. रेसकोर्सवर घोड्यावर बसतो." काकांना बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड होतं. ते बाकावरून उठलेच. "म्हंजे शर्यतीचा हाय! मग आदी नाय का बोलायचं?" त्यानंतर त्यांनी मुलाला एकही प्रश्न विचारला नाही, स्वतःच बोलत राहिले.

मी पोहे घेऊन बाहेर गेले. मी त्याच्याहून चार बोटं उंच होते, ते दोघांनाही लगेच कळलं. त्यानं मला एकच विचारलं, "तुम्हाला जनावरांचा वास चालतो का?"

"घरात म्हशी आहेत," मी म्हणाले.

तो हसला. झालं, ठरलं. पोह्यांतले त्यानं शेंगदाणे तेवढे खाल्ले आणि बशी तशीच ठेवली. याला पोटाचं काहीतरी असणार, असा आईनं मनाशी निकाल लावला.

खरी पंचाईत झाली ती पहिल्या दिवाळसणाला. आईनं जावयासाठी करंज्या, लाडू, चकल्या, अनरसे, असं सगळं करून ठेवलं होतं. आमच्या ह्यांनी एक करंजी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. दुसरी उचलली, तिचाही वास घेतला. आई चुलीपाशी बसून रडायला लागली. "माझ्या हातचं गोड लागत नाय जावयांना!"

मी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाले, "अगं, पुढच्या शनिवारी माझी रेस आहे. वजन वाढलं तर मला घोड्यावरून उतरवतील."

"आणि नाही खाल्लं तर आई मला घरातून उतरवेल."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, आणि जेवायला बसले. मग जे जेवले, ते मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. वर्षभराची भूक होती ती. आई वाढत होती आणि हे नाही म्हणत नव्हते. आईचा चेहरा समईसारखा उजळला होता.

सकाळी जाग आली तर हे दोन स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून, वर बाबांची घोंगडी पांघरत होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. म्हणाले, "घाम काढायचाय. जरा पळून येतो." आणि बांधावरून पळत सुटले.

भातकापणीचे दिवस. शेतात माणसंच माणसं. काकांनी वाकल्या वाकल्या मान वर केली, तर नवा जावई घोंगडी घेऊन गावाबाहेर पळतोय. काकांनी एकच आरोळी ठोकली.

"जावय पळाला रं! धरा रं त्याला!"

विळे टाकून सगळी कापणी त्यांच्या मागं धावली. बायकासुद्धा. हे थांबले असते आणि सांगितलं असतं, तर तिथंच मिटलं असतं. पण मागून पावलं ऐकू आली की ह्यांना थांबताच येत नसे. तो त्यांचा धंदाच होता. हे आणखी जोरात पळाले. लोकांची खात्रीच पटली. शेवटी कालव्यापाशी वाट संपली, तेव्हा हे खाली बसले. घामानं घोंगडी पिळून काढण्यासारखी झाली होती.

काका धापा टाकत पोचले. "आमच्या पोरीत काय खोट हाय, ते सांगा आदी!"

"काही नाही हो काका. वजन कमी करतोय."

"कमी?" काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कशातनं कमी करता?"

खात्री करायला म्हणून काकांनी त्यांना तिथूनच थेट भाताच्या गिरणीवर नेलं आणि पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. मागोमाग सगळी कापणी. गिरणीवाल्यानं वजनं चढवली, उतरवली आणि जाहीर केलं, "अर्धं पोतं." काकांनी घोंगडी काढायला लावली, पुन्हा तोलायला लावलं. घोंगडीचा फरक पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुट्टीत हे रोज सकाळी काट्यावर जात आणि बायका पाणी भरायला जाताना आईला विचारत, "आज किती उतरलं गं?" आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. लेकीला नांदवणाऱ्या माणसाला गिरणीत तोलतात, हे तिला कुठं सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

शनिवारी हे वजनात बसले. रेसही जिंकले.

पुढं हे जिंकतच गेले. पेपरात फोटो यायला लागले. मला घोड्यांतलं फार काही कळत नसे. रेस सुरू झाली की मी डोळे मिटून घ्यायची आणि लोक ओरडायचे थांबले की उघडायची. भीती वाटते का, म्हणून एकदा ह्यांना विचारलं. म्हणाले, "वर असताना नाही वाटत. उतरल्यावर वाटते. म्हणून उतरल्या उतरल्या चहा पितो." तो चहाही बिनसाखरेचा. दोनदा गळ्याजवळचं हाड मोडलं, एकदा मनगट. तेव्हा मी मात्र घोड्यांशी महिनाभर बोलले नाही.

मग त्या मोसमातली सगळ्यात मोठी रेस ह्यांनी मारली. काका खास बघायला आले होते. ह्यांनी घोडा शेवटपर्यंत मागं राखून ठेवला आणि अगदी टोकाला सगळ्यांच्या पुढं काढला. लोक नाचत होते, काका तेवढे रागावलेले. "शेवटाला पुढं जायचंच व्हतं, तर आदीच का नाय गेला? आमचा जीव टांगला उगाच!"

तरीही गावानं सत्कार करायचा ठरवलं आणि तयारी काकांच्याच हातात आली. जावई घोड्यावरचा, तर वेशीपासून देवळापर्यंत मिरवणूक घोड्यावरूनच, असं काकांचं म्हणणं. गावात घोडा नव्हता. उन्हाळा ऐन भरात, माथेरानचे सगळे घोडे पर्यटकांत गुंतलेले. शेवटी काकांना नेरळला एक म्हातारा घोडा मिळाला. जन्मभर माथेरानला पाहुणे फिरवून आता त्याला चढ चढवेना, म्हणून मालकानं त्याला खाली ठेवला होता. मालक स्वतःच त्याला घेऊन आला.

हे फेटा बांधून, हार घालून वर बसले. बँड सुरू झाला. घोडा झोकात निघाला आणि पहिल्या वळणावर थांबला. नुसता थांबला नाही, बाजूला वळून एका विहिरीकडे तोंड करून उभा राहिला.

ह्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, लगाम हलवला, टाच लावली, कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. ज्या हातांसाठी मोठमोठे मालक रांगा लावत, त्या हातांना घोडा दाद देईना. उलट मान मागं वळवून त्यानं ह्यांच्या गळ्यातल्या हाराचा झेंडू खायला सुरुवात केली.

"ह्याच हातानं जिकली का रं ती रेस?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

तेव्हा मालक पुढं आला. "साहेब, तो पॉइंट दाखवतोय. पाव्हन्यांनी वा म्हनल्याबिगर हलत नाय. सवयच हाय त्याला."

हे विहिरीकडे बघून म्हणाले, "वा!"

घोडा चालू लागला.

पुढच्या वळणावर त्यानं कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं दाखवलं. सगळ्या मिरवणुकीनं वा म्हटलं. त्या पुढच्या वळणावर माझ्या एका चुलत वहिनी दारात भांडी घासत होत्या. इतका जमाव आपल्याकडे बघून वा म्हणतोय म्हटल्यावर त्या राखेचे हात घेऊन घरात पळाल्या. आणि मग आला गावाचा उकिरडा. त्याच्या मागं मोकळं आभाळ आणि लांबवर माथेरानचा डोंगर. तिथं घोडा उभा राहिला तो राहिलाच. वा म्हणून झालं, वा वा म्हणून झालं, बँडनंही वाजवून बघितलं. मालक डोळे पुसत म्हणाला, "घर दिसतंय त्याला वरचं. आता हलायचा नाय."

काका हताश झाले. हे मात्र वरच बसून राहिले, मानेवर थोपटत. म्हणाले, "राहू दे काका. बघू दे त्याला. इथंच करा काय ते."

मग सत्कार उकिरड्यापाशीच झाला. नाकाला रुमाल लावून मुख्याध्यापकांनी भाषण केलं, ते त्यामुळे फारच थोडक्यात आटोपलं. आईनं निरांजन आणून आधी जावयाला ओवाळलं, मग घोड्याला. जावयापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, घोड्यापर्यंत पोचला, म्हणून घोड्याला कुंकू जरा जास्तच लागलं.

त्यानंतरही हे कितीतरी वर्षं धावले. ऐंशी सालाच्या आसपास गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा थांबले आणि नव्या पोरांना शिकवायला लागले. घरात कपाटभर कप आहेत. फोटो मात्र भिंतीवर एकच आहे, त्या सत्काराचा. कर्जतच्या फोटोवाल्यानं ऐन वेळी खटका दाबला आणि त्याच क्षणी घोड्यानं मान वर केली. त्यामुळे फोटोत काका आहेत, बँड आहे, कुंकवानं लाल झालेला घोडा आहे, आणि घोड्याच्या कानांमागं थोडासा फेटा. नवीन पाहुणे विचारतात, "हा तुमचा जिंकलेला घोडा का?"

हे म्हणतात, "हो."