उघडायचं नव्हतं ते दार

रविवारी चार वाजता दीपमाला लॅपटॉप घ्यायला खाली येणार होती, आणि तिने तो उघडायच्या आत विशाखाकाकूंना तिला खरं काय ते सांगायचं होतं. त्या दिवशी तेवढं एकच काम होतं. पण न सांगण्यासाठी जेवढी कामं काढता येतात तेवढी काकूंनी सकाळपासून काढली होती. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या घासून झाल्या. फ्रिजच्या मागची भिंत पुसून झाली. आता त्या नवऱ्याच्या शर्टाची गुंडी काढून तीच परत लावत होत्या.

"सैल होती का?" श्रीनाथरावांनी पेपरातून मान काढून विचारलं.

"नव्हती. माझ्या हातून गुन्हा झालाय."

"मग ठाण्यात जा. गुंडी कामून लावून राहिलीस?"

लातूरच्या ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत काकूंचं घर. वरच्या दोन खोल्यांत चार पोरी राहायच्या, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. काकूंच्या घराचं नाव आसपासच्या तालुक्यांत झालं होतं ते त्यांच्या वरणामुळे नव्हे, तर कपाटामुळे. पोरींचे मोबाइल आणि लॅपटॉप आठवडाभर त्या लोखंडी कपाटात कुलूपबंद. रविवारी चार ते पाच मोकळे. आईबापांना हे फार आवडायचं. पोरी मागे त्यांना फौजदारीण म्हणायच्या, हे काकूंना ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, मनातून बरंही वाटायचं. बी.ए.ला दुसरा वर्ग मिळवून पुढे फोडण्याच टाकत आलेल्या बाईला कुणी एकदम फौजदार केलं तर कोण नको म्हणेल?

पण या फौजदारकीला एक अट होती, आणि ती काकूंनी स्वतःच घातलेली. पोरगी राहायला आली की तिच्या बापासमोर त्या सांगायच्या, "वस्तू मी सांभाळीन. उघडून बघणार नाही. विश्वासाचं आहे." चार वर्षांत हा शब्द मोडला नव्हता.

मोडला तो गेल्या सोमवारी. दीपमालाचे वडील शेषेराव किनवटकडचे. दीड एकर कापूस, बाकी सोयाबीन, आणि बोलणं थोडक्यात. त्यांचा फोन आला. "ताई, पोरीचे मार्क उतरले. त्या ल्यापटॉपात काय हाय ते बघा की जरा. तुम्ही शिकलेल्या हाव."

शिकलेल्या हाव म्हटलं की काकूंचं पाऊल घसरतंच. पासवर्ड रजिस्टरात लिहिलेला होता. दोन मिनिटं बघायचं म्हणून त्या बसल्या आणि त्या दोन मिनिटांना चार दुपारी लागल्या.

आत लेक्चरं होती, टेस्टचे पेपर होते आणि एक खेळ होता. काकूंना वाटलं बंदुका असतील. उघडला तर समोर एका घरातला लांब बोळ, त्याच्या टोकाला एक लोटलेलं दार, आणि दाराआड कुणी बाई गुणगुणत भांडी हलवत होती. बाणाची बटणं दाबली की आपण चालायचं, एक बटण दाबलं की वस्तू उचलायची. झालं, एवढाच खेळ. मारामारी नाही, पळापळी नाही, मार्कसुद्धा नाहीत. खाली इंग्रजीत ओळी यायच्या. काकूंनी त्या ओठ हलवत लावल्या: धरणात जाणारं घर होतं, आणि एक मुलगी ते शेवटचं बघायला आली होती.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायचं नाही, एवढी रीत काकूंना होती. म्हणून दार सोडून त्या बाकीच्या घरात फिरल्या. आणि तिथे त्यांची खरी परीक्षा झाली. काय पसारा होता! खुर्चीवर टॉवेल, जिन्यात एकच चप्पल, टेबलावर उघडी वही. वस्तू उचलली की तिची गोष्ट सांगणाऱ्या दोन ओळी यायच्या. त्या वाचायच्या आणि पुढे जायचं, असा खेळ. काकूंनी वाचल्या, डोळे पुसले, आणि वस्तू जागेवर नेऊन ठेवायला सुरुवात केली. सोमवार आणि मंगळवार त्यांनी ते घर आवरलं. टॉवेलची घडी काही केल्या होईना, याचा बुधवारी सकाळी पोळ्या लाटताना त्यांना खरोखर त्रास झाला. स्वतःच्या घरात त्या वेळी दोन दिवसांची धुणी पडून होती.

गुरुवारी दुपारी घर वाजलं. खेळातलं. आधी छतातून बारीक करकर, मग जिन्याकडून, मग धूळ सांडल्याचा आवाज.

हे दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, जुनं लाकूड आहे, वाजतंय. पण काकूंचं माहेर किल्लारीपासून तीन कोसांवर. भूकंपाच्या साली त्या दहावीला होत्या. त्यांची आई साखराबाई मातीखालून दुपारी निघाली, जिवंत निघाली, आणि पुढे एकवीस वर्षं नव्या गावठाणातल्या घराला नावं ठेवत जगली. तरी तेव्हापासून घर वाजलं की माणूस बाहेर काढायचं, यात काकूंच्या डोक्याला विचारायची पद्धत उरली नव्हती. शेजारी बोअरचं मशीन सुरू झालं तेव्हा त्या झारा घेऊन गल्लीत उभ्या होत्या, आणि नवरा आत राहिलाय हे त्यांना गल्लीत पोचल्यावर आठवलं होतं.

त्यामुळे गुरुवारी काकूंनी बाण दाबून धरला, बोळातून पळत गेल्या, "ओ बाई, बाहेर या" असं भर दुपारी लॅपटॉपला ओरडून सांगितलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं.

बाईने मागे वळून पाहिलं. दिवा मालवला. मागच्या दाराने शांतपणे निघून गेली. घर उजळलं, रिकामं झालं, खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची पाटी सरकली आणि खेळ संपला. परत उघडला तर एकच गोष्ट दिसायची: नव्याने सुरू करा.

काकूंना हुश्श वाटलं होतं. बाई बाहेर पडली ना! दोन दिवस त्या अगदी आनंदात होत्या. शनिवारी मुग्धा, दीपमालाची खोलीतली जोडीदारीण, ताट घ्यायला आली आणि सहज बोलून गेली.

"काकू, दीपीचं वेड माहिताय का? रविवारी तो गेम लावते आणि एका दारासमोर बसून राहते. अर्धा अर्धा तास. आत जात नाही."

"का गं?"

"आत गेलं की संपतो म्हणे. आत एक बाई गाणं म्हणते, ते ऐकते. घरचा फोन आला की आई पहिल्यांदा मार्क विचारते ना. ती बाई काही विचारत नाही."

काकूंनी मुग्धाला वरण दोनदा वाढलं, आणि भात वाढायचा राहून गेला.

चार वाजता दीपमाला आली. किडकिडीत पोरगी, तळहातावर पेनाने सूत्रं लिहिलेली. काकूंनी लॅपटॉप हातात दिला पण सोडला नाही. दोघी तो धरून उभ्या राहिल्या.

"दीपमाला, मी हा उघडला होता. तुझ्या वडिलांनी बघा म्हटलं होतं, पण चार दिवस बघा असं नव्हतं म्हटलं. मी तिथला पसारा आवरत बसले, आणि ते स्वयंपाकघराचं दार माझ्या हातून उघडलं. खेळ संपला."

 दीपमालाच्या बाजूने लॅपटॉप जड झाल्यासारखा खाली गेला.

"तुम्ही म्हणल्या होत्या, उघडणार न्हाई."

"म्हटलं होतं."

"मग कामून उघडलं दार?"

काकूंनी भाषण तयार केलं होतं. त्यात जबाबदारी वगैरे शब्द होते. त्यातला एकही आठवला नाही. "घर वाजलं गं. मला वाटलं पडतंय. बाईला बाहेर काढावं म्हणून पळाले." मग आईचं सांगितलं, दुपारपर्यंतचं, जेवढं सांगता आलं तेवढं.

दीपमालाने ऐकून घेतलं. 

"निघाली का मग?"

"आई? हो, निघाली की."

"ती न्हाई. आतली."

"ती पण निघाली. आपल्या पायांनी गेली. मला तर विचारलंसुद्धा नाही."

दीपमालाच्या तोंडावर हसू आलं होतं की काय, हे कळायच्या आत कपाटातला तिचा मोबाइल वाजला. शेषेराव. रविवारी चारनंतर त्यांचा फोन ठरलेला. दीपमालाने तो उचलून काकूंपुढे धरला, आणि समोरच उभी राहिली.

"ताई, बघितलं का? काय हाय त्यात?"

"बघितलं शेषेराव. एक घर आहे आणि एक बाई स्वयंपाक करते. पोरगी अर्धा तास ऐकत बसते."

"निस्तं ऐकती?"

"निस्तं. त्याने काही बिघडत नाही. बिघडवलं ते मी. आता परत बघा म्हणू नका, मी बघणार नाही."

 "बरं," शेषेराव म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या हाव."

दीपमाला पलंगावर बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. त्या दारापर्यंत पोचायला तीन तास लागायचे, म्हणजे तीन रविवार. काकूंनी मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, "आज पाचच्या पुढं बस. माझा नियम मीच मोडलाय, आता काय त्याचं."

"नको. नियम राहू द्या. बसा तुम्ही."

काकू बसल्या. पडद्यावर एक फाटक आलं, मागे चिंचेसारखं झाड, ओलं अंगण. हे काकूंनी पाहिलंच नव्हतं. त्या थेट घरातच उभ्या राहिल्या होत्या ना. दीपमाला हळू चालत होती, इतकी हळू की काकूंना चारदा सांगावंसं वाटलं, अगं, जरा पाय उचल. त्यांनी तोंडाला पदर लावला. विहीर झाली, दोरी झाली, दोरीची गोष्ट झाली. दरवाजाच्या पायरीपाशी पोचेपर्यंत पाच वाजले.

कुणी सांगायच्या आधी दीपमालाने झाकण मिटलं आणि लॅपटॉप काकूंच्या हातात दिला.

"बुधवारी दुपारी उघडला तरी चालंल काकू," ती म्हणाली. "पण पायरीच्या आत जाऊ नका."

"नाही जात. अंगणातच बसते."

"अन् अंगण झाडत बसू नका."