मुंजामामाचा घोडा

माझी माय दगडाबाई झरी गावात कुणाला ठाऊक नव्हती? पहाटे जात्यावर बसली, की तिच्या ओवीनं अर्धी आळी जागी व्हायची. ओवी ठरलेली:

घोड्याच्या टापांखाली दणाणते गाव-वाट
भाऊ माझा मुंजाजी, मागं सात गाड्यांचा थाट

आता खरं सांगते. मुंजामामाकडं घोडा तर सोडाच, धड शेळीबी नव्हती. सहा वर्षांमागं काम शोधायला औरंगाबादेकडं गेला तो गेलाच. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. गावानं त्याची आशा सोडली होती. मायनं सोडली नव्हती.

तेव्हा निजामाचं राज्य. सरकारी शाळेत उर्दू, म्हणून शिवरुद्र मास्तर महादेवाच्या देवळात दुपारी आम्हा पोरींना मराठी शिकवायचे. त्यांनी अलंकार शिकवले अन् मी काय, लय शाणी झाले! शेजारची तानुबाई म्हणाली, "भोपळ्यावानी फुगलीस गं," तर राग यायचा सोडून मी ओरडले, "उपमा!"

मग अतिशयोक्ती शिकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मायनं ओवी धरली, तशी मी अंथरुणातूनच म्हटलं, "माय, ही अतिशयोक्ती हाय. म्हंजे खोटं. मामाकडं कुठं घोडा हाय?"

जातं थांबलं. थोड्या वेळानं जातं पुन्हा फिरलं, पण मुकंच. दुसऱ्या दिवशीबी मुकंच. आठ दिवस तसंच. तानुबाई भिंतीवरून विचारायची, "दगडाबाई, आवाज बसला का गं?" माय नुसती मान हलवायची. जेवणबी तुटलं तिचं. आग लागो माझ्या जिभेला! तिच्या भावाला मीच दुसऱ्यांदा हरवलं होतं.

रडत मास्तरांकडं गेले. सगळं ऐकून त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"कमल, लबाडी दुसऱ्याला फसवायला करत्यात. तुझी माय कुणाला फसवायलीय? घोडा न्हाई हे तुला ठाऊक, मला ठाऊक, तिला तर सगळ्यात आधी ठाऊक. मग त्या ओवीत खरं काय हाय, सांग."

मी डोळे पुसले. "वाट बघणं."

"हां. ते साध्या बोलात मावंना, म्हणून घोडा आणावा लागला तिला. माझी चूक झाली पोरी, व्याख्या दिली अन् हे सांगायचं राहिलं."

पहाटे मी उठले, मायसमोर बसले आन् जात्याच्या खुंट्याला हात लावला. गळा माझा फाटका, तरी म्हटलं:

हत्ती झुलतो दारात, अंबारीला भिडे ढग
मामा माझा उतरतो, बघाया लोटतं जग

मायनं माझ्याकडं बघितलं. मग फसकन हसली. "अगं भवाने, हत्तीला कडबा कोण घालील? तुझा बाप?" हसता हसता पदर डोळ्याला गेला तिचा. मग तिनं आपली ओवी धरली, आन् मी मागून म्हणत राहिले. भिंतीपलीकडून तानुबाई ओरडली, "सुटला बाई आवाज!"

मामा पुढच्या साली हुरड्याच्या दिवसांत आला. भर दुपारी दारात उभा. दाढी वाढलेली, अंगावर फाटकं धोतर, हात रिकामे. आत यायला लाजत होता. "अक्का," एवढंच म्हणाला अन् मान खाली घातली.

माय सूप टाकून धावली. मला वाटलं, आता रडंल. पण तिनं त्याचा हात धरला आन् विचारलं, "मुंजा, घोडा कुठं बांधलास रं?"

मामानं वर बघितलं. असल्या घोड्याच्या ओव्या त्यांची आई जात्यावर म्हणायची, त्याला पाठ होत्या.

"देवगाव फाट्यावर बांधला अक्का. लय दमला होता."

"बरं केलंस," माय म्हणाली. तिनं तांब्या घेतला आन् खाली बसून त्याचे पाय धुवायला लागली. टाचा भेगाळून रक्ताळल्या होत्या. घोड्यावरून आलेल्या भावाचे पाय असे कसे झाले, हे तिनं जन्मात विचारलं न्हाई.