वेगळे पेले

आमच्या अंबरनाथच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीचं, टेबल मी लावते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलापूरहून, बेलवलीतून, द्राक्षरसाची बाटली स्कूटीच्या डिकीत घालून लवकर निघते. रस घरीच करते, काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून. पूर्वी तो एका मोठ्या प्याल्यात ओतला, शेजारी पांढरा रुमाल ठेवला, की काम झालं. पाळकसाहेब प्याला घेऊन रांगेतून जायचे, एकेकाच्या ओठाला लावायचे, कड पुसायचे, पुढे सरकायचे. लहानपणापासून मी हेच पाहत आले. त्यावरून भांडण होऊ शकेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर चर्च थोडे दिवस उघडलं होतं, तेव्हाही प्रभुभोजन जुन्याच पद्धतीनं झालं. मग दुसरी लाट आली. पुन्हा सगळं बंद. त्यानंतर दारं उघडली तेव्हा पंचमंडळानं ठरवलं की यापुढे प्रत्येकाला वेगळा पेला. अंगठ्याएवढे स्टीलचे पेले आले, ते बसवायला भोकांचा ट्रे आला. हे सुचवलं होतं आमच्या एका पंचांनी. सगळे त्यांना काका म्हणतात. दुसऱ्या लाटेत त्यांची बायको गेली होती. काकू गायनात माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, आणि सूर चुकला की मला कोपर मारायच्या. काका बोलले तेव्हा म्हणूनच कोणी तोंड उघडलं नाही.

पहिल्या रविवारी ट्रे फिरला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्यांनी भाकर घेतली, खाल्ली. ट्रे समोर आला तेव्हा हात मांडीवरच ठेवले. पाळकसाहेब थांबले. मावशींनी नुसती मान हलवली. तो पेला भरलेलाच माझ्याकडे परत आला. धुवावा की प्यावा, मला कळेना. शेवटी आवारातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या महिन्यात परत आलेल्या पेल्यांची संख्या वाढली. मग उपासनेनंतर सभा बोलावली.

काका म्हणाले, "बाई, हा हट्ट कशासाठी? रोग तोंडातून पसरतो. एवढं पाहूनही तुम्हाला पटत नाही?"

मावशी बसूनच बोलल्या. "पटतं ना. पण माझं ऐका. आमच्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात आमच्या लोकांचा कप. कान तुटलेला. आपणच काढायचा, पिऊन आपणच धुऊन ठेवायचा. माझे आजोबा प्रभूकडे आले, त्या दिवशी भोजन द्यायला जे पाळक होते ते जन्मानं ब्राह्मण. त्यांनी आजोबांना प्याला दिला आणि मग त्याच प्याल्याला स्वतःचं तोंड लावलं. आजोबा म्हातारपणीसुद्धा हे सांगताना रडायचे. आता माझ्या चर्चमध्ये माझ्यासमोर वेगळा पेला ठेवताय तुम्ही."

"इथं वेगळा पेला सगळ्यांनाच आहे," काका म्हणाले.

"सगळ्यांना वेगळा, म्हणजे एकमेकांपासून वेगळा. तेच तर."

काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला. "तुमच्या घरातलं कोणी गेलं नाही, म्हणून बोलता येतंय."

यावर सगळे एकदम बोलायला लागले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, तरी मागच्या बाकांवर कुजबुज चालूच होती. आमेन म्हणायच्या आत काही जण पायऱ्या उतरून गेले होते.

त्यानंतर मावशी आल्याच नाहीत. पेले परत करणारी बाकीची कुटुंबंही नाहीत. कळलं की उल्हासनगरच्या कॅम्प चार या भागात एका तरुण जोडप्याच्या घरी ते सगळे जमतात. तिथं एकच प्याला असतो.

मला घरात चैन पडेना. नवऱ्याशी बोलायला गेले की तो म्हणायचा, "तू कोणाच्या बाजूची, ते आधी ठरव." तेच तर जमत नव्हतं. काका बोलले की काका बरोबर वाटायचे. मावशींचा कोनाडा आठवला की मावशी बरोबर वाटायच्या. टेबल लावताना हात चुकायला लागले, रस ट्रेबाहेर सांडायचा. गाण्याला पुरुषांचा खालचा आवाजच राहिला नव्हता, कारण ते गाणारे तिकडे गेले होते.

एका रविवारी मी चर्चला न जाता स्कूटी कॅम्प चारकडे घातली. जोडप्याचं घर जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर होतं. रविवार असूनही खाली मशिनी धडधडत होत्या, जमिनीतून पायाला जाणवत होत्या. चटयांवर सगळी ओळखीची माणसं. मावशींनी मला शेजारी बसवून घेतलं. खालचे आवाज होते, पण वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका नव्हत्या. इथंही अर्धंच गाणं. प्याला माझ्यापर्यंत आला, मी प्यायले, आणि मला इतकं अस्वस्थ वाटलं की शेवटच्या प्रार्थनेआधीच चपला शोधायला लागले.

दारात मावशी म्हणाल्या, "पंचांनी पाठवलं का तुला?"

"नाही मावशी. मला तिकडेही बसवत नाही आणि इकडेही नाही."

"मग उभी राहा," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण हसून पण नाही.

संध्याकाळी मी सरळ काकांच्या घरी गेले. कॅम्प चारला जाऊन आल्याचं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायला लागले, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"ते मधलं प्रभुभोजन आठवतं? दुसऱ्या लाटेच्या आधीचं? त्या दिवशी मला खोकला होता. थोडाच. म्हटलं, हवा बदलली असेल. प्याला आधी माझ्याकडे आला, माझ्यानंतर हिच्याकडे. त्याच आठवड्यात ती आजारी पडली."

मी विचारलं, "काका, हे कोणाला सांगितलंय का?"

"तुलाच."

"मावशींना सांगू?"

"नको. सांगायचं तर मी सांगेन."

पण ते सांगत नव्हते. रविवारमागून रविवार गेले. मला सांगायची बंदी, आणि सांगितल्याशिवाय काही हलणार नाही हे दिसत होतं. बाजारात मावशी भेटल्या की मी भाजीकडेच बघत राहायची. काकांना फोन करायची, आणि तब्येत विचारून ठेवून द्यायची. नवरा म्हणाला, "तू पोटात निखारा घेऊन फिरल्यासारखी फिरतेस." त्याला तरी काय सांगणार?

मग एके दिवशी काकांचाच फोन आला. "रविवारी मला कॅम्प चारला सोडशील? पत्ता माहीत नाही."

रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. आम्ही वर गेलो तेव्हा गाणं चालू होतं. ते थांबलं. ज्या तरुणाचं घर होतं, त्याचा चेहरा ताठ झाला. काका दाराशीच चटईच्या कडेला बसले. गुडघे दुखत असल्यामुळे खाली बसायला त्यांना वेळ लागला.

"मी वाद घालायला आलो नाही," ते म्हणाले, आणि मला सांगितलेलं सगळं त्यांनी तिथं सांगितलं. खोकल्याचं, प्याल्याचं, काकूंचं. शेवटी म्हणाले, "मला आता तो प्याला कोणाच्याही तोंडाला लागलेला बघवत नाही. माझ्या हातात दिला तरी मला तो धरवत नाही. बाकी माझं म्हणणं काही नाही."

खाली मशिनी चालूच होत्या. मावशी त्यांच्याकडे वळल्या. एरवी त्या काकांना अहोजाहो करायच्या. आता म्हणाल्या, "अरे, त्या दिवशी तुझ्या बायकोच्या पलीकडे कोण होतं? मीच होते. तोच प्याला मी प्यायले. मला साधी शिंकसुद्धा आली नाही. आणि माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधला पोरगा घराबाहेर पडला नव्हता, तो गेला. तुझ्यामुळे ती गेली, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच."

"मग तूच ते खोडून टाक," मावशी म्हणाल्या. नंतर जरा हळू, "कोणाच्या घरातलं गेलंय आणि कोणाच्या नाही, हे त्या सभेत तू बोललास ना, ते मला लागलं होतं. आता नाही लागत." त्यांनी उठून काकांच्या डोक्यावर हात ठेवला. काका रडले. त्या तरुणाच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मी तेव्हा समजले, झालं, मिटलं. पण तसं काही होत नाही. काकांना प्याला नकोच होता, मावशींना पेले नकोच होते. पाळकसाहेब दोघांकडे जाऊन आले, आणि त्यांनी मधला मार्ग काढला: प्याला एक, पण तोंड कोणी लावायचं नाही. भाकरीचा तुकडा त्यात बुडवून घ्यायचा. मावशी म्हणाल्या, "हे धड ना इकडचं, ना तिकडचं." आणि चर्चला आल्या. काकाही रांगेत त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांच्या हातून तुकडा रसात पडला. पाळकसाहेबांनी दुसरा दिला.

उपासना संपल्यावर मला वाटलं आता तरी बरं वाटेल. तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सगळ्यांची बोटं लागतात हो रसाला. पाळकांशी बोलशील का?" मी हो म्हटलं. अजून बोललेले नाही.

कॅम्प चारचं ते तरुण जोडपं मात्र आलं नाही. त्यांच्या घरी अजून दोन-तीन कुटुंबं जमतात. तरुण म्हणतो, मोठ्या माणसांनी आपसात मिटवलं, आम्हाला कोणी विचारलं? त्याचं काय चुकलं, मला सांगता येत नाही. परवा ऑफिस सुटल्यावर मी तिकडे गेले होते. त्याच्या बायकोनं मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि शाळेच्या ॲडमिशनचं, पाण्याच्या टँकरचं बोलत राहिली. चर्चचं मीही काढलं नाही. निघताना मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येते." ती म्हणाली, "बुधवारी या, तेव्हा हे पण घरी असतात."