मोगऱ्याची शेवटची पाटी

एलिचपूरच्या परकोटाबाहेर चंद्रभान माळ्याचा मोगरा होता. फुलं विकायचं काम त्याच्या बायकोचं, पार्बताबाईचं. दर शनिवारी ती छावणीतल्या गोऱ्यांच्या गिरजाघरी एक पाटी पोचवायची. अंतोन नावाचा म्हातारा रखवालदार ती दारातूनच आत न्यायचा.

त्या वैशाखात मुलूखभर कापसाचं वेड शिरलं होतं. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इथं वीतभर जमीन असलेलाही सरकी टोचायला निघालेला. चंद्रभानही सकाळीच कुदळ घेऊन मोगऱ्यात शिरला. दुपारपर्यंत बहुतेक झुडपं मुळासकट बांधावर पडली. ती ओढून ओढून पार्बताबाईचे हात सोलून निघाले. शेवटी तिनं पडल्या झुडपांवरच्याच कळ्या खुडल्या आणि छावणीची वाट धरली.

पोचेपर्यंत तिच्या पायांत गोळे आले.

"अंतोनबुवा, आता नाही येनार मी. मोगरा काढून राहिलो आमी."

अंतोननं तिचे हात पाहिले. "आत ये बाई. सावलीत बैस."

"मले चालते का आत?"

"नाही म्हणायला आहे कोण इथं?"

ती बिचकतच आत गेली. दगडी कमानी वर चढत जाऊन टोकाशी मिळाल्या होत्या. रंगीत काचांमधून तांबडा-निळा उजेड फरशीवर पडला होता. बाकावर बसायचा धीर होईना, म्हणून ती खांबाला टेकून खालीच बसली. पाठीला दगडाचा गारवा लागला आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंतोन समोर फुलं मांडत होता.

"सन हाय का उद्या?"

"नाही. पलटणीतल्या एका गोऱ्या सोजिराची बायको बाळंतपणात गेली. संध्याकाळी तिला आणतील."

पार्बताबाईनं पाटीतली उरली फुलं त्याच्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "अन् याच्या पुढं कोनी गेलं त?"

"रानात मिळेल ते आणीन."

ती परतली तेव्हा चंद्रभान विहिरीजवळच्या शेवटच्या ओळीवर होता.

"हे राहू द्या," ती म्हणाली.

"काहून? येवढ्यानं काय होते?"

"मले पायजे."

तो चिडला. "पानी कोन घालीन? माह्या अंगात आता जीव नाही."

"मीच घालीन." एवढं बोलून ती त्या ओळीतच बसली. तिला उठवून खणायचं त्राण त्याच्यातही नव्हतं. कुदळ टाकून तोही तिच्या शेजारी मातीत टेकला.

"राहू दे मंग," तो म्हणाला.