बाबांनी टाइप केलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता. त्याचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड मीच ठेवला होता — कारण इरफानशी चॅटवर मारलेल्या गप्पा मी त्यात साठवायचे. इरफान माझ्या वर्गातला. मालेगावचा, घरी यंत्रमाग. आमच्या घरी तो एकदाही आला नव्हता.

त्याच वर्षी आई गेली. तिचे शेवटचे फोटो फक्त त्या कॉम्प्युटरवर होते. वर्षश्राद्धाला एक मोठा करायचा म्हणून बाबांनी पासवर्ड विचारला, आणि मी — का कोण जाणे — म्हणाले, "विसरले." मग मागे कशी फिरणार? आठवला म्हटलं, तर काय होता ते सांगावं लागलं असतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. सगळं जाईल." तरी मी गप्पच. बाबाच म्हणाले, "नको, मी बघतो."

दुपारभर ते एका बोटाने टाइप करत बसले. प्रत्येक नाव आधी मोठ्याने म्हणायचे. आमची मेलेली मांजर. चौथीतल्या माझ्या बाई. लहानपणी गंगेवर हरवलेली बाहुली — तिचं नाव तर मीही विसरले होते! मी कितवीत आहे हे ज्यांना आईला विचारावं लागायचं, तेच ना हे बाबा? मी थक्क होऊन मागे उभी होते. एवढं सगळं यांनी कधी पाहिलं? कुठे जपून ठेवलं?

मग ते थांबले. पुढचं नाव मोठ्याने म्हणाले नाहीत. नुसतं बोट फिरलं — आय, आर, एफ...

कॉम्प्युटर उघडला.

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. हळूच विचारलं, "चांगला मुलगा आहे का गं?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! आणि मी म्हणाले, "कोण, बाबा?"

"काही नाही," ते उठले. "आईचा फोटो काढून ठेव. मी चहा टाकतो."

पुढे इरफानने लग्नाचं विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं — बाबा कधीच तयार होणार नाहीत. त्याने ते खरं मानलं. आजही मानत असेल.

घाबरले होते ती मी. नाव पुढे केलं बाबांचं.